सांडपाणी शुद्धीकरण, सोलापूर

वापरलेले पाणी नदी-नाल्यात सोडण्याजोगे करण्याची प्रक्रिया. सोलापूर महानगरपालिकेची शुद्धीकरण केंद्रे देगाव, कुमठे व प्रतापनगर येथे आहेत. शहराच्या नाल्यांचे पाणी सीना नदीच्या खोऱ्यात उतरते आणि सीना हत्तरसंग-कुडल येथे भीमेला मिळते.

अशा केंद्रांत प्रचलित असलेल्या सक्रिय गाळ पद्धतीचे (पाण्यात हवा सोडून गाळातील जिवाणूंकडून मळ पचवून घेण्याचे) श्रेय सामान्यतः मँचेस्टरच्या आर्डर्न व लॉकेट यांना दिले जाते (१९१४). मात्र त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर यांनी १९१२ च्या सुमारास अमेरिकेतील लॉरेन्स येथे सांडपाण्यात हवा सोडण्याचे प्रयोग पाहिले होते, म्हणून काही लेखक मूळ कल्पना तिकडची मानतात. हवा देण्याची कल्पना जुनीच होती. खाली बसलेला गाळ टाकून न देता पुढच्या पाण्यात पुन्हा मिसळणे, ही निर्णायक पायरी मँचेस्टरची दिसते. फाउलर पुढे बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले.

पाण्यातील सेंद्रिय मळ जैवरासायनिक ऑक्सिजन मागणीने (बीओडी), म्हणजे तो पचवताना जिवाणू किती ऑक्सिजन वापरतात यावरून, मोजतात. ब्रिटनमध्ये ही चाचणी पाच दिवसांची ठरली. तिथल्या नद्या तेवढ्या काळात समुद्राला मिळतात, हे त्याचे नेहमी दिले जाणारे कारण. ते कितपत मूळचे, याविषयी शंका घेता येते. भारतात २७° से. तापमानाला तीन दिवसांची चाचणी करतात.

भूपृष्ठावरील जलप्रवाहात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण बीओडी मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम, तर स्नानयोग्य नदीची ३ आहे. नदीत आधीच २ मिलिग्रॅम असेल, तर ३० चे पाणी केवळ मिसळून ३ वर आणण्यासाठी त्याच्या २७ पट प्रवाह लागतो. उन्हाळ्यात सीनेला तो कुठला? तेव्हा केंद्राने आपली मर्यादा पाळली म्हणून नदी स्नानयोग्य होतेच असे नाही. नदीतील ऑक्सिजनच्या घट-वाढीचा हिशेब मांडणारे स्ट्रीटर व फेल्प्स यांचे सूत्र (१९२५) नदी वाहता वाहता हवेतून ऑक्सिजन परत घेते असे धरते. ते ओहायो नदीच्या अभ्यासातून आले. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांमागे तुंबलेल्या पाण्याला ते जपूनच लावावे. शिवाय पाणी तापले की त्यात ऑक्सिजन कमी मावतो: २०° ला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३५° ला जेमतेम ७.

संगमाखालच्या भीमेचा सगळा दोष सोलापूरच्या माथी मारता येत नाही. पुणे व पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी भीमेवरील उजनी जलाशयात येते, त्यातील नायट्रोजन व फॉस्फरसवर शेवाळ वाढते आणि तेच पाणी आवर्तनातून खाली सुटते. यासाठी नमुने संगमाच्या वरून, खालून आणि सीनेतून असे तिन्हीकडून घ्यावे लागतात.

चादरी व टॉवेलांच्या रंगाईतून येणारे काही रंग जिवाणूंना सहज पचत नाहीत. त्यामुळे बीओडी मर्यादेत असूनही पाणी रंगीत राहू शकते. रोगजंतूंसाठी क्लोरीन किंवा तत्सम निर्जंतुकीकरण वेगळे करावे लागते. वाळवलेला गाळ खत म्हणून चालतो, पण आधी त्यातील जड धातू तपासावे लागतात.