पार्श्वभूमी : दोनशे लढतींचा जमाना

५ फेब्रुवारी १९४३ रोजी डेट्रॉइटमध्ये अमेरिकी बॉक्सर जेक लामोटाने आपल्याच देशाच्या शुगर रे रॉबिन्सनला हरवलं. व्यावसायिक रिंगणातला रॉबिन्सनचा हा पहिलाच पराभव. दोनच आठवड्यांनी, १९ तारखेला, तो जॅकी विल्सनशी लढला आणि जिंकला. २६ तारखेला पुन्हा लामोटासमोर उभा राहिला आणि उट्टं काढलं. तीन आठवड्यांत तीन तगड्या लढती. आजच्या नामांकित बॉक्सरला एवढ्याला दीड-दोन वर्षं लागतात. ‘जुन्यांची सर आजच्यांना येईल का’ या वादाचं मूळ इथे आहे.

रॉबिन्सन १९४० ते १९६५ या काळात सुमारे २०० लढती लढला. हेन्री आर्मस्ट्राँगने एकट्या १९३७ साली २७ लढती केल्या आणि सगळ्या जिंकल्या. या घाटाचा शेवटचा मोठा गडी बहुधा मेक्सिकोचा हुलिओ सेझार चावेझ. त्याला पहिला पराभव पाहावा लागला तो जानेवारी १९९४ मध्ये, नव्वद लढती झाल्यावर.

हे लोक वेगळ्या मातीचे होते, असं म्हणायची पद्धत आहे. खरं कारण पोटाशी निगडित होतं. अमेरिकेतल्या शहराशहरांत छोटे क्लब दर आठवड्याला लढती भरवत, तिकिटाच्या पैशातून बॉक्सरला बिदागी मिळे. आपल्याकडे हंगामात मल्ल एका जत्रेच्या फडावरून दुसऱ्या फडावर जात, तसाच हा प्रकार. पन्नासच्या दशकात टीव्हीने लढती थेट घरात आणल्या. फुकट दिसणाऱ्या गोष्टीसाठी तिकीट कोण काढणार? क्लब बंद पडत गेले आणि नवशिके जिथे घडत, हरत, पुन्हा उभे राहत, ती जागाच गेली. पुढे एकेका लढतीचे पैसे मोजून ती टीव्हीवर पाहायची सोय झाली, तेव्हा वर्षाकाठी एक-दोन लढतींत आयुष्याची कमाई होऊ लागली. मग महिन्याला तीनदा मार खायला कोण जाईल?

मृत्यूंनीही खेळ बदलला. नोव्हेंबर १९८२ मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढलेला कोरियाचा किम दुक-कू चौदाव्या फेरीत कोसळला आणि काही दिवसांनी दगावला. त्यानंतर विजेतेपदाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आल्या.

विजेतेपदाचं मोलही उतरलं. पूर्वी आठ वजनगट होते आणि बहुतेक वेळा गटाला एकच विजेता. आज सतरा गट आणि विजेतेपदाचे पट्टे वाटणाऱ्या चार मोठ्या संघटना. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोला तिसऱ्याच व्यावसायिक लढतीत पट्टा मिळाला. तो हौशी गटात अजोड होता, हे खरं. पण रॉबिन्सनला तोच मान मिळायला सहा वर्षं आणि सत्तरहून जास्त लढती लागल्या, आर्ची मूरला तर सतरा वर्षं. यामागे गुणवत्तेची कसोटी कमी आणि गुंडटोळ्यांची मर्जी जास्त होती. १९४७ साली बिली फॉक्सशी झालेली लढत आपण मुद्दाम हरलो, अशी कबुली खुद्द लामोटाने १९६० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे दिली. मोबदला काय, तर विजेतेपदासाठी लढायची संधी! तेव्हा जुना काळ म्हणजे सत्ययुग, असं समजण्याचं कारण नाही.

माझ्या मते हरवलंय ते लढतींच्या आकड्यापेक्षा हरण्याचं स्वातंत्र्य. फ्लॉइड मेवेदरने ५० पैकी ५० जिंकून निवृत्ती घेतली आणि पराभवाच्या रकान्यातलं शून्य हीच बॉक्सरची पत ठरली. एक पराभव झाला की भाव पडतो, म्हणून तुल्यबळ गडी एकमेकांना टाळतात. मेवेदर आणि मॅनी पॅकिओ यांची गाठ घालायच्या वाटाघाटी २००९ पासून सुरू होत्या. लढत झाली मे २०१५ मध्ये, दोघांचा भर ओसरल्यावर.

म्हणूनच तुलना करायची तर कोण कुणाशी आणि कुठे लढला, यावर करावी. युक्रेनच्याच ओलेक्सांद्र उसिकच्या खात्यावर जेमतेम पंचवीसेक लढती आहेत, पण ग्वोवात्स्कीला त्याने पोलंडमध्ये, ब्रिएदिसला रिगामध्ये, गासियेवला मॉस्कोत आणि जोशुआला लंडनमध्ये हरवलं. परक्या अंगणात, परक्या प्रेक्षकांपुढे. हेवीवेट हा सर्वांत वजनदार गट आणि त्याच्या खालचा क्रूझरवेट, या दोन्ही गटांत त्याने सगळे पट्टे एकत्र केले. जपानच्या नाओया इनोउएने २०२५ या एका वर्षात चार वेळा विजेतेपद राखलं. आजच्या मानाने ही चालच वेगळी. ही नावं जुन्यांच्या पंगतीत बसवायला मला संकोच वाटत नाही.

अमेरिकेच्या टेरेन्स क्रॉफर्डने सप्टेंबर २०२५ मध्ये कानेलो आल्वारेझला हरवलं आणि डिसेंबरमध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, ४२ विजय खात्यावर ठेवून तो थांबला. त्या वयात रॉबिन्सनच्या चाळीसहून जास्त लढती अजून व्हायच्या होत्या. कमावलेले लाखो डॉलर उडून गेले होते. ४४ व्या वर्षी, १९६५ साली, तो डझनाहून जास्त वेळा रिंगणात उतरला. शेवटची लढत पिट्सबर्गला जोई आर्चरशी, त्यातही हार. दोनशेचा आकडा भरला तो या लढती धरून.