छायाचित्रांवरून देवमाशांची ओळख

देवमासे, डॉल्फिन आणि इतर सागरी सस्तन प्राण्यांच्या अंगावरील उपजत खुणा व व्रण कॅमेऱ्यात टिपून त्यांतला एकेक प्राणी स्वतंत्रपणे ओळखण्याची पद्धत. संशोधक तिला ‘फोटो-आयडी’ म्हणतात. प्राण्याला पकडावे लागत नाही, स्पर्शही करावा लागत नाही. पूर्वी हे काम मोजक्या प्रयोगशाळांतल्या छापील फोटोंच्या फायलींवर चाले. आता ते बहुतांशी इंटरनेटवर होते आणि त्यातले बरेचसे फोटो पर्यटकांचे असतात.

या पद्धतीआधी देवमाशांचा माग काढायचा मार्ग फारच रानटी होता. १९२० च्या दशकात सुरू झालेल्या ब्रिटिश ‘डिस्कव्हरी’ मोहिमांत क्रमांक कोरलेली धातूची नळी देवमाशाच्या अंगात बंदुकीने रुतवली जाई. तो प्राणी नंतर कुठे गेला हे कळे ते शिकार होऊन त्याची चरबी सोलताना ती नळी हाती लागली तरच. म्हणजे माहितीची किंमत त्या प्राण्याचा जीव, आणि एका प्राण्याबद्दल हाती येणार ती जेमतेम दोन ठिकाणांची नोंद.

कोणती खूण उपयोगी, हे जातीवर ठरते. हंपबॅक म्हणजे कुबडा देवमासा खोल बुडी मारताना शेपटी पाण्याबाहेर उचलतो. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी आणि मागच्या कडेचे दाते प्रत्येकाचे वेगळे असतात. निळा देवमासा शेपटी क्वचितच वर काढतो, त्यामुळे त्याच्या कुशीवरचे करडे ठिपके पाहावे लागतात. राइट व्हेलच्या डोक्यावर जाड, खरबरीत त्वचेचे चट्टे असतात आणि त्यांवर राहणाऱ्या बारीक उवांसारख्या जिवांमुळे ते पांढरट दिसतात. ऑर्काचा (‘किलर व्हेल’चा) पाठीवरचा पर आणि त्यामागचा खोगिरासारखा करडा पट्टा पाहतात, तर डॉल्फिनच्या बाबतीत पराच्या मागच्या कडेला पडलेल्या खाचा. फ्लोरिडातल्या मॅनटींची (संथ, शाकाहारी ‘समुद्रगायीं’ची) ओळख मात्र मुख्यतः बोटींच्या पंख्यांनी पाठीवर केलेल्या जखमांच्या वणांवरून पटवतात. ज्याने घाव घातला त्याचीच सही ओळखपत्रावर, असा हा प्रकार आहे. पद्धतीला मर्यादाही आहेत. पिल्लांच्या शेपटीची नक्षी पहिल्या काही वर्षांत बदलते, आणि ज्या डॉल्फिनच्या पराला एकही खाच नाही तो दुसऱ्यांदा दिसला तरी ओळखता येईलच असे नाही.

१९७० च्या आसपास ही कल्पना एकाच वेळी अनेक ठिकाणी रुजली. जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी अर्जेंटिनाच्या वाल्देस द्वीपकल्पाजवळ राइट व्हेलच्या डोक्यावरचे चट्टे नोंदवायला सुरुवात केली. अमेरिकेतल्या मेन राज्यात स्टीव्हन कटोना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हंपबॅकच्या शेपट्यांची सूची उभारली. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मत्स्यालयांसाठी ऑर्का पकडले जात होते आणि समुद्रात ते हवे तितके आहेत असे सगळे धरून चालले होते. तिथले जीवशास्त्रज्ञ मायकेल बिग यांनी १९७१ मध्ये दीपगृहांचे रखवालदार, मच्छीमार आणि नाविक यांच्याकडून ऑर्कांची गणना करून घेतली, तेव्हा संख्या शेकड्यांतच निघाली. पुढे प्रत्येक ऑर्का फोटोवरून ओळखता येतो, हे त्यांनी दाखवले. सुरुवातीला अनेक शास्त्रज्ञांना ते पटले नाही. संशोधनात सामान्य माणसांचे डोळे वापरण्याची ही प्रथा इंटरनेटहून जुनी आहे, हे या निमित्ताने लक्षात ठेवावे.

फोटोंची चळत वाढली तशी खरी अडचण जुळणीची झाली. नवी शेपटी हजारो जुन्या शेपट्यांशी डोळ्यांनी ताडून पाहायला दिवसच्या दिवस जात. ‘हॅपीव्हेल’ हे संकेतस्थळ टेड चीझमन यांनी २०१५ मध्ये सुरू केले. कोणीही देवमाशाचा फोटो, तारीख आणि ठिकाण तिथे चढवू शकतो. तो प्राणी आधी कुठे दिसला होता आणि पुढे कुठे दिसला, हे फोटो पाठवणाऱ्याला कळवले जाते. शिकण्याचे साधन म्हणून या सोयीला तोड नाही असे वाटते, कारण वाचक ‘हंपबॅक देवमासा’ या जातीबद्दल वाचता वाचता एका विशिष्ट प्राण्याच्या आयुष्याशी जोडला जातो. २०१८-१९ मध्ये ‘कॅगल’ या संगणकतज्ज्ञांच्या स्पर्धा भरवणाऱ्या संकेतस्थळावर झालेल्या स्पर्धेतून शेपट्या जुळवणारी संगणकप्रणाली मिळाली. फोटो चांगला असेल तर ती ९७ ते ९९ टक्के वेळा अचूक ठरते.

‘ओल्ड टायमर’ नावाच्या हंपबॅक नराचा फोटो १९७२ मध्ये अलास्कात काढला होता. २०२४ मध्ये तो तिथेच जिवंत दिसला. प्रवासाच्या नोंदी याहून चकित करतात. १९९९ मध्ये ब्राझीलच्या आब्रोल्योसजवळ टिपलेली एक मादी २००१ मध्ये मादागास्करला आढळली. हे अंतर सुमारे ९,८०० किमी. मादागास्करचा तो फोटो एका पर्यटकाने काढून फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर टाकलेला होता. पुढे हा विक्रमही मोडला. कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर २०१३ आणि २०१७ मध्ये दिसलेला नर २०२२ मध्ये झांझिबारजवळ दिसला, म्हणजे किमान १३,०४६ किमी.

एकेक प्राणी ओळखता आला की एकूण संख्येचाही अंदाज बांधता येतो. पहिल्या हंगामात ५० प्राणी नोंदले, दुसऱ्या हंगामात ४० दिसले आणि त्यांतले १० आधीचेच निघाले, तर आधीच्यांचे प्रमाण चौथा हिस्सा. म्हणून एकूण प्राणी साधारण २००. प्रत्यक्षातले हिशेब जन्म, मृत्यू आणि स्थलांतर धरून बरेच गुंतागुंतीचे असतात, पण गाभा हाच. उत्तर पॅसिफिकमधल्या हंपबॅकवर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्यांची संख्या २०१२ मध्ये ३३,४८८ होती आणि २०२१ पर्यंत २६,६६२ वर आली, असा निष्कर्ष निघाला. शिकार थांबल्यावर ही संख्या वाढतच होती. मग २०१४ ते २०१६ या काळात समुद्राचे पाणी असाधारण तापले आणि अन्नसाखळी विस्कटली. शास्त्रज्ञ या घटीचा संबंध त्या उष्णतेशी लावतात.

या साऱ्या माहितीत एक मोठा कल आहे. जिथे पर्यटक आणि बोटी जातात तिथलेच देवमासे ओळखले जातात. अलास्का, हवाई, अंटार्क्टिका यांच्या नोंदींचा ढीग पडतो, अरबी समुद्राचे खाते मात्र जवळजवळ रिकामेच दिसते. आपल्याकडे डॉल्फिन-दर्शनाच्या फेऱ्या गोव्यात आणि मालवण-तारकर्ली पट्ट्यात भरपूर निघतात. तिथे किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात दिसणारा हिंद महासागरी हंपबॅक डॉल्फिन धोक्यात आलेली जात आहे. अशा फेरीत बहुतेक मोबाइल उडीचा आणि पाण्याच्या फवाऱ्याचा व्हिडिओ घेतात. ओळखीसाठी हवा असतो तो पाठीवरच्या पराचा काटकोनात, बाजूने घेतलेला स्पष्ट फोटो, शक्यतो दोन्ही बाजूंचा. डॉल्फिनच्या मागे बोट पळवून तो मिळत नाही. इंजिन मंद ठेवून थांबावे लागते.

अरबी समुद्रातले हंपबॅक ध्रुवाकडे स्थलांतर न करणारा एकमेव समूह मानला जातो. ओमानच्या किनाऱ्याजवळच्या फोटोंवरून काढलेला त्यांचा अंदाज शंभराहूनही कमी आहे. त्यांतल्या एका मादीच्या शेपटीवर झाडासारखी नक्षी आहे, म्हणून तिचे नाव ‘लुबान’. हे धुपाच्या झाडाच्या राळेचे अरबी नाव आहे आणि आपला ‘लोबान’ शब्द त्याच कुळातला. २०१७ च्या अखेरीस ओमानजवळ तिच्यावर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले. ती अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली, किनाऱ्याने दक्षिणेला भारताच्या टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली.