रिओ ग्रांदेच्या काठी ताटकळलेली माणसं : पार्श्वभूमी

१८४८च्या तहाने रिओ ग्रांदे ही नदी अमेरिका आणि मेक्सिकोमधली सीमा झाली, पण पुरांत तिचं पात्र सरकत राहिलं. अमेरिकेतल्या एल पासोजवळच्या चामिझाल या जमिनीच्या पट्ट्याचा वाद मिटायला १९६३ उजाडलं, आणि मग तिथे नदीच काँक्रीटच्या कालव्यात घातली गेली. कॅमेराही इथे जुनाच. मे १९११मधली, मेक्सिकन क्रांतीतली पलीकडच्या ह्वारेस शहराची लढाई एल पासोकरांनी गच्च्यांवरून पाहिली. तिची पोस्टकार्डं खपली. पुढे या काठाचा फोटो म्हणजे नदी ओलांडणारा माणूस, हे ठरूनच गेलं.

थांबलेली माणसं फोटोंत ठळकपणे आली ती २०१८पासून. सीमेवरच्या पुलांवर आश्रय मागणारे रोज मोजकेच अर्जदार घ्यायचे असं अमेरिकेने ठरवल्यावर मेक्सिकोच्या बाजूला याद्या सुरू झाल्या. ह्वारेसमध्ये सुरुवातीला नंबर चक्क हातावर शाईने लिहीत.

जानेवारी २०१९चा अमेरिकी सरकारचा निर्णय मात्र याहून वेगळ्या जातीचा होता. आश्रय मागायचा अमेरिकेत, पण निकाल लागेपर्यंत राहायचं मेक्सिकोत. सुमारे ७० हजार लोकांना असं परत धाडलं गेलं. सरकारी नावात ‘संरक्षण’ हा शब्द होता, आणि नदीकाठचं मेक्सिकन शहर माटामोरोस ज्या तामाउलिपास राज्यात येतं तिथे जाऊच नका, असं तेच सरकार आपल्या नागरिकांना बजावत होतं. समर्थक सांगतात की त्यानंतर सीमेवर पकडले जाणारे घटले. घटले खरे, पण त्याच उन्हाळ्यात आयात कराच्या धमकीनंतर मेक्सिकोनेही आपलं नॅशनल गार्ड हे सुरक्षा दल उतरवलं होतं, हे सोयीस्करपणे गाळलं जातं.

सुनावण्या माटामोरोससमोरच्या, अमेरिकेतल्या ब्राउन्सव्हिलच्या तंबूंत, न्यायाधीश दूरवरून पडद्यावर. तिथे कॅमेऱ्याला मज्जाव. पलीकडे माटामोरोसच्या पुलाशी दोन हजारांवर माणसांची छावणी उभी राहिली. झुडपांवर वाळत घातलेले कपडे, मातीच्या चुली, नदीत अंघोळी, जेवणाच्या रांगा, मोबाइल चार्ज करायला झालेली गर्दी : हे सगळं उघड्यावर होतं, म्हणून तेच टिपलं गेलं. या धोरणाचा दृश्य इतिहास त्यामुळे जवळजवळ एकाच काठाचा आहे. तरी जनमानसात रुतला तो जून २०१९मध्ये बुडालेल्या बापलेकीचा फोटो; कपडे धुणाऱ्या बायकांचे फोटो फारसे कुणाला आठवत नाहीत.

मार्च २०२०मध्ये साथीचं कारण देऊन आश्रयाचा दरवाजा बहुतेकांना बंद झाला. तो आदेश मे २०२३पर्यंत चालला. छावणी मार्च २०२१मध्ये रिकामी झाली. जानेवारी २०२३पासून आश्रयासाठी सीमेवर हजर होण्याची वेळ मिळू लागली मोबाइल ॲपवर. त्यासाठी स्वतःचा चेहरा टिपून द्यावा लागे आणि काळ्या वर्णाच्या अर्जदारांचे चेहरे ॲप ओळखत नाही, अशा तक्रारी आल्या. छायाचित्रकारांचीही पंचाईत झाली, कारण मोबाइलकडे बघत बसलेला माणूस काठावर काय नि मेक्सिको सिटीत काय, सारखाच दिसतो. त्या वाटेने नऊ लाखांहून अधिक लोक आत गेले. २० जानेवारी २०२५ला ही सोय थांबली. पुढच्या आठवड्यांसाठी मिळालेल्या वेळाही त्याच दिवशी रद्द झाल्या.