बधिरांध व्यक्तींसाठी साहस शिबिर : पात्रता, कागदपत्रे आणि अर्ज

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 30 ने दिव्यांगांना क्रीडाप्रकारांत परिणामकारक सहभाग घेता यावा यासाठी उपाययोजना करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. त्यामुळे ज्यांना दृष्टी आणि श्रवण या दोन्हींची उणीव आहे, त्यांनी दोरावरून कडा उतरण्याची किंवा कयाक वल्हवण्याची इच्छा धरणे यात जगावेगळे काहीच नाही. याच अधिनियमाच्या अनुसूचीत बधिरांधत्वाची नोंद बहुविकलांगतेखाली आहे. त्यासाठी दोन्ही संवेदना पूर्णपणे गेलेल्या असण्याची अट नाही. दोन्ही उणिवा मिळून संवादात, विकासात आणि शिक्षणात गंभीर अडचणी येत असतील, तर ती व्यक्ती या व्याख्येत बसते.

पहिला कागद म्हणजे दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र, म्हणजेच यूडीआयडी कार्ड. त्यासाठीच्या शासकीय संकेतस्थळावर, म्हणजे स्वावलंबन पोर्टलवर, अर्ज करताना आधार, अलीकडचे छायाचित्र आणि पत्त्याचा पुरावा जोडावा लागतो, आणि त्यानंतर शासकीय रुग्णालयात तपासणी होते. येथे एक चूक वारंवार होते. लहानपणी केवळ अंधत्वाचे किंवा केवळ कर्णबधिरत्वाचे प्रमाणपत्र काढलेले असते आणि कुटुंब त्यावरच समाधान मानते. माझे आग्रहाचे सांगणे असे की नेत्रतपासणीचा अहवाल आणि श्रवण आलेख दोन्ही सोबत न्यावेत आणि दोन्ही उणिवांची नोंद करून घ्यावी, कारण केवळ ‘अंध’ असा शेरा वाचणारा आयोजक शिट्टीच्या आणि तोंडी सूचनांच्या भरवशावर राहील. एकत्रित टक्केवारी ही नुसती बेरीज नसते: दृष्टीची उणीव 60 टक्के आणि श्रवणाची 45 टक्के असेल, तर ठरलेल्या सूत्राने ती 75 टक्के येते. 2024 च्या सुधारित नियमांनी प्रमाणपत्र देण्याची मुदत तीन महिने केली आहे, म्हणून हे काम शिबिराच्या बरेच आधी हाती घ्यावे.

शिबिराच्या अर्जाचा नमुना आयोजक संस्था स्वतः ठरवते. महाराष्ट्रात शिबिर असेल तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी आवश्यक आहे. तो नोंदणी क्रमांक पालकांनी निःसंकोच मागावा.

अर्जातील वैद्यकीय माहितीचा रकाना ‘प्रकृती ठीक’ एवढ्यावर सोडू नये. अशर सिंड्रोम, म्हणजे श्रवण आणि दृष्टी दोन्हींवर परिणाम करणारा आनुवंशिक विकार, असलेल्या व्यक्तीला दिवसा थोडे दिसते, पण संध्याकाळी दिसेनासे होते आणि दृष्टीचे क्षेत्र बोगद्यासारखे अरुंद असते. त्याच्या पहिल्या प्रकारात तर आतल्या कानातील दोषामुळे तोलही बिघडलेला असतो, म्हणून अंधारात चालणे तिला दुप्पट कठीण जाते. हे आधी समजले तर परतीचा रस्ता उजेडात संपवता येतो. कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे ऐकू येण्यासाठी शस्त्रक्रियेने कानात बसवलेले उपकरण, असल्यास तेही लिहावे, कारण हेल्मेटच्या दाबाने बाहेरचे यंत्र डोक्यावरून सरकते आणि पाण्यात उतरताना ते बहुतेक वेळा काढून ठेवावे लागते. त्या क्षणापासून उरलेसुरले ऐकू येणेही बंद होते.

सर्वात काळजीपूर्वक लिहायचा भाग संवादाचा आहे. स्पर्शातून समजणारी सांकेतिक भाषा, तळहातावर अक्षरे काढणे, ब्रेल, यांपैकी त्या व्यक्तीला काय वापरता येते, ते नेमके लिहावे आणि तीच पद्धत जाणणारा सोबती मागावा. कड्यावर दोन्ही हात दोराला गुंतलेले असतात, तळहात मोकळा नसतो. म्हणून ‘थांब’, ‘उजवा पाय खाली’, ‘पोहोचलास’ यांसाठी खांद्यावर किंवा पाठीवर करायच्या खुणा आधी जमिनीवर पक्क्या कराव्या लागतात. त्या सरावासाठी वेळ ठेवला आहे का, हे अर्जासोबतच लेखी विचारावे.

संमतिपत्रावर पालकाची सही फक्त अठरा वर्षांखालील सहभागीसाठी घ्यावी. प्रौढ बधिरांध व्यक्तीला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या कलम 13 नुसार इतरांइतकीच कायदेशीर क्षमता आहे. तिला मजकूर तिच्या पद्धतीने समजावून सही किंवा अंगठा तिचाच घ्यावा. काही दिव्यांगांसाठी कायदेशीर पालक नेमण्याची सोय करणाऱ्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली तिच्यासाठी असा पालक नेमलेला असेल तर त्या आदेशाची प्रत जोडावी. रेल्वेने जायचे असल्यास सवलतीचे ओळखपत्र रेल्वेकडून वेगळे काढावे लागते. मूळ यूडीआयडी कार्ड प्रवासात जवळ असावे, आणि संवादाची पद्धत, औषधे व रक्तगट लिहिलेली चिठ्ठी सहभागीच्या खिशात तसेच सोबत्याकडेही असावी.