थंडीत कार्बोरेटरची गाडी सुरू करणे

कार्बोरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग. इंजिनात पेट घेते ती पेट्रोलची वाफ. थंडीत पेट्रोलचा फक्त हलका भाग वाफ होतो, बाकीचे थेंब मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरपासून सिलिंडरपर्यंतच्या नळ्यांच्या) गार भिंतींना चिकटतात. म्हणून गरम इंजिनाला १ किलो पेट्रोलमागे सुमारे १५ किलो हवा चालत असली, तरी गार इंजिनाला पेट्रोल कितीतरी जास्त द्यावे लागते. ते काम चोकचे.

चोक सगळीकडे सारखा नसतो, आणि पेडल दाबायचे की नाही ते त्यावरच ठरते. झडपेचा चोक हवा अडवतो. सोबत ॲक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच पेट्रोलची पिचकारी मारणारा) असेल तर चोक पूर्ण ओढून पेडल दोन-तीनदा दाबावे. मॉरिस मायनर या जुन्या मोटारीवरच्या एसयू कार्बोरेटरमध्ये चोक ओढल्यावर जेट (पेट्रोल सोडणारी बारीक नळी) खाली सरकते आणि पेट्रोल जास्त येते. त्याला पंप नाही, त्यामुळे पेडल मारणे फुकट जाते. सोलेक्स कार्बोरेटरच्या बऱ्याच जुन्या नमुन्यांत झडपेऐवजी वेगळी स्टार्टर यंत्रणा असते. ती बंद थ्रॉटलमागच्या (पेडलने उघडणाऱ्या झडपेमागच्या) ओढीवर चालते, म्हणून पाय पेडलवर मुळीच ठेवू नये.

गाडी आठवडाभर उभी असेल तर फ्लोट चेंबर (कार्बोरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी) कोरडे पडलेले असू शकते. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला हाताची दांडी असल्यास ती १५-२० वेळा चालवावी. दांडी सैल लागली तर कॅम (पंप हलवणारा इंजिनातला उंचवट्याचा भाग) चढावर थांबलेला असतो. इंजिन थोडे फिरवून पुन्हा चालवावी. मग क्लच दाबून (गिअरबॉक्समधल्या घट्ट तेलाचा भार सुटतो) सेल्फ मारावा, एका वेळी ५ ते १० सेकंदच, आणि मध्ये अर्धा मिनिट थांबावे.

पेट्रोलचा वास येऊ लागला की प्लग ओले झाले. चोक आत ढकलून पेडल तळापर्यंत दाबून धरावे, पंप करू नये, आणि सेल्फ मारावा. तरीही पेटले नाही तर प्लग काढून वाळवणे हाच खरा उपाय.

इंजिन लागल्यावर चोक टप्प्याटप्प्याने आत घ्यावा आणि गाडी हलकेच चालवत एक-दोन किलोमीटरमध्ये पूर्ण बंद करावा. ओढलेला राहिला तर कच्चे पेट्रोल सिलिंडरवरचे तेल धुऊन ऑइलमध्ये उतरते, पिस्टनरिंगा झिजतात.

दोष मात्र पुष्कळदा चोकचा नसतोच. गार बॅटरी अशक्त, ऑइल घट्ट. सेल्फने १२ व्होल्टच्या बॅटरीचे व्होल्टेज ९.६ च्या खाली ओढले की कॉइलला (ठिणगीसाठी दाब वाढवणाऱ्या गुंडाळीला) पुरेसे मिळत नाही आणि ठिणगी मरते. पॉइंट (कॉइलचा प्रवाह तोडणारे संपर्क) जळलेले असतील तर आणखीच. इथेनॉलला वाफ व्हायला पेट्रोलच्या सुमारे अडीचपट उष्णता लागते आणि त्याने मिश्रणही पातळ होते, म्हणून २० टक्के इथेनॉलच्या इंधनावर चोक जास्त वेळ ओढून ठेवावा लागतो.