निवृत्त जनरलांची टीका आणि निवृत्त जनरलांचा प्रचार

अमेरिकेतला एखादा निवृत्त जनरल विद्यमान राष्ट्राध्यक्षांविरुद्ध जाहीरपणे बोलला की तोच जुना वाद नव्याने सुरू होतो. एक बाजू म्हणते की लष्करी माणसाने राजकारणात तोंड घालू नये. दुसरी म्हणते की वर्दी उतरवल्यावर तो चारचौघांसारखा नागरिक झाला आणि नागरिकाला बोलण्याचा हक्क आहे. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि दोघींची गल्लत मात्र एकच असते. राष्ट्राध्यक्षांच्या एखाद्या कृतीवर टीका करणे आणि निवडणुकीत एखाद्या उमेदवारासाठी उभे राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांच्या गावीही नसते. माझे मत आधीच स्पष्ट केलेले बरे: पहिली गोष्ट काही अटींवर योग्य आणि प्रसंगी आवश्यक आहे, दुसरी निवृत्त सेनाधिकाऱ्याने कधीही करू नये.

प्रचार म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. २०१६ च्या जुलैमध्ये क्लीव्हलंडच्या रिपब्लिकन अधिवेशनात निवृत्त लेफ्टनंट जनरल मायकेल फ्लिन व्यासपीठावरून हिलरी क्लिंटन यांना तुरुंगात टाकण्याच्या घोषणेत सामील झाले. त्यानंतरच्या आठवड्यात फिलाडेल्फियाच्या डेमोक्रॅटिक अधिवेशनात अफगाणिस्तानातील माजी सेनापती, निवृत्त जनरल जॉन ॲलन, पाठीशी माजी सैनिकांची रांग उभी करून क्लिंटन यांच्यासाठी गरजले. त्याआधी १९९२ मध्ये ॲडमिरल विल्यम क्रो यांनी बिल क्लिंटन यांना पाठिंबा दिला होता आणि पुढे ते ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत झाले. आता पाठिंबा आणि नेमणूक यांचा संबंध नसेलही, पण तो असल्याचा संशय कायमचा चिकटला. उमेदवारांच्या कचेऱ्यांतून निघणाऱ्या याद्या तर त्याहून वाईट. २०१६ मध्ये ट्रम्प यांच्या बाजूने ८८ निवृत्त जनरल-ॲडमिरलांचे पत्र निघाले, तेव्हा क्लिंटन यांच्या बाजूने ९५ नावांची यादी आली. सेनाधिकाऱ्यांची अशी डोकी मोजण्यातून मतदाराला युद्ध, सैन्य किंवा संरक्षण यांतले नेमके काय कळले, हे मला कोणीतरी सांगावे.

सेवेत असलेल्या अधिकाऱ्याचा प्रश्नही इथे उगाच मध्ये आणला जातो. ट्रूमन यांनी एप्रिल १९५१ मध्ये कोरिया युद्धातले सेनापती मॅकआर्थर यांना पदावरून दूर केले, ओबामा यांनी जून २०१० मध्ये अफगाणिस्तानातले सेनापती मॅकक्रिस्टल यांचा राजीनामा घेतला. दोघेही तेव्हा सेवेत होते आणि सेवेतल्या सेनापतीने निवडून आलेल्या सरसेनापतीची जाहीर अवहेलना करू नये याबद्दल कोणाचे दुमत नाही. निवृत्तांच्या वादात ही दोन नावे पुढे करणारा माणूस विषय सोडून बोलतो आहे, असे खुशाल समजावे.

कायद्याचा मुद्दा मात्र दोन वाक्यांत उडवून लावण्याजोगा नाही, कारण आपल्या सवयीचे गृहीतक तिथे चालत नाही. भारतात निवृत्त अधिकारी सेनाकायद्याच्या कक्षेतून बाहेर पडतो. सेवेत असताना केलेल्या गुन्ह्याबद्दल त्याला काही मुदतीत जबाबदार धरता येते, पण आज घरी बसून केलेल्या भाषणाबद्दल नाही. अमेरिकेत तसे नाही. तिथल्या नियमित सैन्यातून निवृत्तिवेतनासह बाहेर पडलेला अधिकारी लष्करी न्यायसंहितेच्या कलम २ नुसार त्या संहितेखालीच राहतो, आणि कलम ८८ नुसार राष्ट्राध्यक्ष, उपराष्ट्राध्यक्ष, काँग्रेस म्हणजे तिथली संसद, संरक्षणमंत्री अशांविषयी तिरस्काराचे शब्द वापरणे हा अधिकाऱ्यासाठी गुन्हा आहे. व्यवहारात हे कलम फारसे वापरले गेलेले नाही. लष्करी न्यायालयापर्यंत गेलेला गाजलेला खटला सेकंड लेफ्टनंट हेन्री होवे यांचा. ते सेवेत होते, पण १९६५ मध्ये सुट्टीच्या वेळी साध्या कपड्यांत एल पासो इथल्या व्हिएतनामविरोधी निदर्शनात राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्याविरुद्धचा फलक घेऊन उभे राहिले होते. त्यामुळे निवृत्त जनरल हा इतरांसारखाच नागरिक आहे हे विधान कायद्याने अर्धेच खरे आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सहा डेमोक्रॅटिक लोकप्रतिनिधींनी सैनिकांना उद्देशून चित्रफीत काढली आणि बेकायदा हुकूम नाकारता येतो याची आठवण करून दिली, तेव्हा पेंटागॉनने चौकशी आरंभली ती एकट्या सिनेटर मार्क केली यांची. बाकीच्यांपैकी चौघांनी सैन्यात सेवा केली होती, पण निवृत्त म्हणून संहितेखाली उरले होते ते नौदलाचे निवृत्त कॅप्टन केलीच. माजी सैनिक आणि निवृत्त अधिकारी हे तिथे एक नव्हेत. पण केली बोलले ते निवडून आलेले सिनेटर म्हणून, त्यामुळे निवृत्त जनरलांच्या औचित्याविषयी त्या प्रकरणातून काही सिद्ध होत नाही, कोणी कितीही ओढूनताणून जोडले तरी.

आता खरी मेख. बोलणे राष्ट्राध्यक्षांना लागले म्हणजे ते राजकारण झाले, असे लोक धरून चालतात. पण टीका कोणाला लागते यावर ती प्रचार ठरत नाही. ती कशाच्या बळावर केली आहे आणि ऐकणाऱ्याकडे काय मागते, यावर ते ठरते. बोलणाऱ्याला ती गोष्ट सेवेतल्या अनुभवामुळे ठाऊक आहे काय, आणि उद्या त्या खुर्चीत दुसऱ्या पक्षाचा माणूस बसला आणि त्याने तेच केले तर हेच वाक्य अक्षरही न बदलता लागू पडेल काय, हे दोन प्रश्न विचारले की बहुतेक प्रकरणे आपोआप वेगळी होतात. त्यात मतदाराला उद्देशून काही सांगितलेले असेल, तर पुढे काही विचारण्याचीही गरज नाही.

संयुक्त सेनाप्रमुख समितीचे माजी अध्यक्ष मार्टिन डेम्प्सी यांच्यावर दुटप्पीपणाचा आरोप होतो तो हे प्रश्न न विचारल्यामुळे. २०१६ मध्ये फ्लिन आणि ॲलन यांची भाषणे झाल्यावर त्यांनीच वॉशिंग्टन पोस्टला पत्र लिहून बजावले होते की सेनाधिकाऱ्यांचे स्थान राजकीय अधिवेशनाच्या व्यासपीठावर नाही. १ जून २०२० रोजी मात्र तेच डेम्प्सी बोलले. जॉर्ज फ्लॉइड यांच्या पोलिसांच्या हातून झालेल्या मृत्यूनंतर तेव्हा देशभर निदर्शने चालू होती, आणि त्या दिवशी संरक्षणमंत्री एस्पर राज्यपालांशी बोलताना शहरांतल्या रस्त्यांना रणभूमी म्हणाले होते. संध्याकाळी व्हाइट हाउससमोरच्या लाफायेट चौकातून निदर्शकांना बळाने हटवण्यात आले आणि राष्ट्राध्यक्ष ट्रम्प छायाचित्रासाठी सेंट जॉन्स चर्चपर्यंत चालत गेले. डेम्प्सी यांनी लिहिले ते एवढेच की अमेरिका ही रणभूमी नाही आणि आपले देशबांधव शत्रू नाहीत. त्यात ना उमेदवार आहे, ना पक्ष, ना नोव्हेंबरची निवडणूक. सैन्याचे बळ कोणाविरुद्ध वापरायचे हा त्यांच्या आयुष्यभराच्या पेशाचा विषय आहे, आणि डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्षांनी रस्त्यावर सैन्य उतरवण्याची भाषा केली असती तरी ते वाक्य तितकेच खरे राहिले असते. २०१६ चे पत्र आणि २०२० चे वाक्य यांत विसंगती शोधणाऱ्यांनी दोन्ही एकदा शांतपणे वाचावीत.

दोन दिवसांनी आलेले निवृत्त जनरल आणि ट्रम्प यांचे माजी संरक्षणमंत्री जेम्स मॅटिस यांचे निवेदन अधिक गाजले आणि ते अधिक अवघडही आहे, कारण त्याचे दोन भाग मला वेगळे करावेसे वाटतात. घटनेशी निष्ठेची शपथ घेतलेल्या सैनिकांना देशबांधवांच्या घटनात्मक हक्कांवर घाला घालण्याचा हुकूम मिळेल, असे आपल्याला स्वप्नातही वाटले नव्हते, हा त्यातला भाग अस्सल टीका आहे; चार दशकांहून अधिक काळ मरीन कोअरमध्ये घालवलेला माणूस ते अधिकाराने म्हणू शकतो. पण आपल्या हयातीत अमेरिकन जनतेला एकत्र आणण्याचा प्रयत्नही न करणारे हे पहिलेच राष्ट्राध्यक्ष, हा भाग नागरिकाचे मत आहे आणि तिथे जनरलपणाचा काही संबंध नाही. ते मत चूक आहे असे मी म्हणत नाही. पण वाचणाऱ्याने ते चार तारकांच्या जनरलचे मत म्हणून वाचले, आणि ते तसे वाचले जाणार हे मॅटिस यांना ठाऊक नसेल, असे मानणे कठीण आहे. त्यांच्या बाजूने इतके सांगायला हवे की डिसेंबर २०१८ मध्ये संरक्षणमंत्रिपद सोडल्यावर त्यांनी दीड वर्ष मौन पाळले होते, आणि निवेदनात मत मागण्याचा प्रयत्न कुठेही नव्हता.

नौदलाचे निवृत्त ॲडमिरल विल्यम मॅकरेव्हन यांनी ही रेषा ओलांडली, आणि कशी ओलांडली हे पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समधल्या लेखात त्यांनी आधी सैन्यातल्या मूल्यांविषयी, मित्रराष्ट्रांना वाऱ्यावर सोडण्याविषयी लिहिले, आणि इथवर लेख निर्दोष होता. शेवटी मात्र त्यांनी म्हटले की राष्ट्राध्यक्षपदी नवा माणूस येण्याची वेळ झाली आहे, मग तो रिपब्लिकन असो, डेमोक्रॅट असो वा अपक्ष, आणि जितक्या लवकर येईल तितके बरे. तीन पर्याय दिले म्हणून ते निःपक्षपाती ठरत नाही. ‘याला हटवा’ ही मतदाराकडे केलेली मागणीच आहे. पुढच्या वर्षी निवडणुकीच्या तोंडावर त्यांनी आपण बायडेन यांना मत दिल्याचे लिहिले, तेव्हा त्या लेखात जे झाकलेले होते ते उघड झाले इतकेच.

यावर नेहमीचा आक्षेप असा असतो की निवृत्तांनी बोलायला सुरुवात केली की राष्ट्राध्यक्ष सेवेतल्या अधिकाऱ्यांकडेही संशयाने पाहतात आणि योग्यतेपेक्षा निष्ठा पाहून बढत्या देतात. आक्षेप गंभीर आहे. प्रचाराच्या बाबतीत तो मला पूर्ण मान्य आहे, कारण आज आपल्यासमोर सल्ला देणारा अधिकारी उद्या विरोधकांच्या व्यासपीठावर दिसेल ही भीती तिथे रास्त ठरते. टीकेच्या बाबतीत त्याचे वजन कमी पडते, आणि २००६ हे त्याचे उदाहरण. इराकमध्ये पहिल्या पायदळ डिव्हिजनचे नेतृत्व केलेले जॉन बॅटिस्ट, इराकी सैन्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी सांभाळलेले पॉल ईटन, संयुक्त सेनाप्रमुखांच्या कार्यालयात मोहिमांचे प्रमुख राहिलेले ग्रेगरी न्यूबोल्ड, तसेच अँथनी झिनी अशा निवृत्त जनरलांनी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी जावे असे उघडपणे म्हटले. एप्रिलमध्ये बुश यांनी निर्णय आपण घेतो असे ठणकावून रम्सफेल्ड यांना पाठीशी घातले. रम्सफेल्ड यांचा राजीनामा जाहीर झाला तो नोव्हेंबरमध्ये, मध्यावधी निवडणुकीनंतर. ज्यांनी युद्ध किंवा त्याची आखणी आतून पाहिली त्यांनीच सैन्यबळ आणि नियोजन यांतल्या चुका सांगितल्या नसत्या, तर त्या कोणी सांगायच्या होत्या? सेवेत असतानाच का बोलला नाहीत, हा प्रश्न त्यांना विचारला गेला आणि तो योग्यही होता. पण सेवेत बोलणाऱ्याचे काय होते हेही सर्वांनी पाहिले होते: फेब्रुवारी २००३ मध्ये सैन्यप्रमुख एरिक शिन्सेकी यांनी सिनेट समितीच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले की युद्धोत्तर इराकसाठी काही लाख सैनिक लागतील, आणि काही दिवसांतच उपसंरक्षणमंत्र्यांनी तो अंदाज जाहीरपणे खोडून काढला.

एक गोष्ट मात्र मला राहूनराहून खटकते. सप्टेंबर २०२३ मध्ये संयुक्त सेनाप्रमुख समितीचे मावळते अध्यक्ष जनरल मार्क मिली यांनी आम्ही हुकूमशहा होऊ पाहणाऱ्या माणसाशी निष्ठेची शपथ घेत नाही असे म्हटले, आणि हे वाक्य निवृत्त जनरलाने विद्यमान राष्ट्राध्यक्षांवर केलेल्या टीकेचे उदाहरण म्हणून सर्रास दिले जाते. ते निवृत्त नव्हते. आपल्याच निरोपसमारंभात, गणवेशात बोलत होते. राष्ट्राध्यक्ष तेव्हा बायडेन होते, आणि वाक्याचा रोख ज्यांच्याकडे आहे असे सर्वांनी ओळखले ते ट्रम्प माजी राष्ट्राध्यक्ष आणि पुढचे उमेदवार होते. म्हणजे उदाहरणातला एकही शब्द बरोबर नाही. सेवेतल्या अधिकाऱ्याने उमेदवाराकडे केलेला तो इशारा होता, आणि या लेखातल्या मापाने तो टीकेपेक्षा प्रचाराला अधिक जवळचा आहे.

माप एकच ठेवायचे तर ते उलट दिशेनेही लावावे लागते. मे २०२१ मध्ये १२४ निवृत्त जनरल आणि ॲडमिरलांनी सह्या केलेले पत्र प्रसिद्ध झाले. त्यात २०२० च्या निवडणुकीच्या सचोटीवर शंका घेतलेली होती आणि विद्यमान राष्ट्राध्यक्ष बायडेन यांच्या शारीरिक-मानसिक क्षमतेवर प्रश्नचिन्ह लावलेले होते. मॅटिस यांच्या निवेदनावर टाळ्या वाजवणाऱ्या अनेकांनी या पत्राला लष्कराच्या राजकीयीकरणाचा पुरावा ठरवले, आणि मॅटिस यांना गप्प बसा म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना हे पत्र देशभक्तीचे वाटले. मतमोजणीचे ज्ञान तोफखान्यात किंवा पाणबुडीवर मिळत नाही, वैद्यकीय निदानाचेही नाही. त्या विधानांमागे १२४ जणांच्या हुद्द्यांखेरीज दुसरे बळ नव्हते. म्हणून मॅटिस यांच्या निवेदनाचा अर्धा भाग मी टीकेत धरतो आणि या पत्राला, त्यात कोणासाठी मत मागितलेले नसले तरी, टीका म्हणायला तयार नाही.