प्रॉक्झिमा सेंटॉरी बी

सूर्याला सर्वांत जवळ असलेल्या ताऱ्याभोवती फिरणारा ग्रह. अंतर ४.२४ प्रकाशवर्षे, म्हणजे सुमारे ४० लाख कोटी किलोमीटर. माणसाचे दुसरे घर कुठे, हा प्रश्न निघाला की याचे नाव हमखास येते, ते या शेजारामुळेच.

प्रॉक्झिमा हा लाल बटुतारा, म्हणजे लहान, मंद आणि तांबूस तारा, १९१५ मध्ये रॉबर्ट इनेस यांनी जोहान्सबर्गच्या वेधशाळेतून शोधला. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. मात्र त्याचा तेजस्वी सोबती ‘मित्र’ (अल्फा सेंटॉरी) गोवा-सिंधुदुर्गातून मेअखेरीस, आभाळ मोकळे असेल तर, रात्री साडेदहाच्या सुमारास दक्षिण क्षितिजालगत दिसतो. त्याच्यापासून चार चंद्रबिंबे सरकले की प्रॉक्झिमाची जागा येते.

ग्रहाचा शोध २४ ऑगस्ट २०१६ रोजी गिलेम अँगलादा-एस्कुदे आणि सहकाऱ्यांनी जाहीर केला. चिलीतील ला सिया वेधशाळेतल्या ‘हार्प्स’ या वर्णपटमापीवर (प्रकाश रंगांत फोडून मोजणाऱ्या उपकरणावर) त्यांनी ताऱ्याचे डुलणे मोजले. ग्रहाच्या ओढीने तारा आपल्याकडे आणि आपल्यापासून दूर ताशी पाचेक किलोमीटरने हलतो; माणूस चालतो तेवढा वेग, आणि तो सव्वाचार प्रकाशवर्षांवरून टिपलेला! ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जाताना आढळलेला नाही, त्यामुळे त्याचा आकार मोजता आलेला नाही. वस्तुमान निदान पृथ्वीइतके आहे.

ताऱ्यापासून तो जेमतेम ७३ लाख किलोमीटरवर आहे आणि त्याचे वर्ष ११.२ दिवसांचे. तारा मंद असल्याने एवढ्या जवळही पाणी द्रवरूपात राहू शकेल इतकीच ऊब पोचते. यालाच ‘वसतियोग्य पट्टा’ म्हणतात. हा शब्द फसवा आहे. तो फक्त उष्णतेचा हिशेब सांगतो; हवा, पाणी, जमीन यांबद्दल त्यात काहीच नाही.

खरी अडचण हवेची आहे. प्रॉक्झिमा तापट तारा आहे. मार्च २०१६ मध्ये त्याच्यावर उठलेल्या एका ज्वालेने तो काही मिनिटे एरवीच्या कितीतरी पट उजळला होता. अशा ज्वालांतून येणारी अतिनील आणि क्ष-किरणे ग्रहाची हवा अवकाशात उधळून देतात. नासाच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये गणित मांडले: पृथ्वीचे वातावरण तिथे नेऊन ठेवले, तर ते दहा कोटी वर्षांत संपू शकेल. ताऱ्याचे वय मात्र साडेचार अब्ज वर्षांहून जास्त आहे.

चंद्राची एकच बाजू आपल्याकडे असते, तशी या ग्रहाचीही एकच बाजू बहुधा ताऱ्याकडे असावी. तसे असेल तर तिथे उगवणे-मावळणे नाही. एका अर्ध्यावर आपल्या सूर्याच्या तिप्पट रुंदीचे तांबूस बिंब कायम एकाच जागी, दुसऱ्या अर्ध्यावर कायमची रात्र. त्या रात्रीच्या आकाशात शर्मिष्ठा तारकासमूहात एक जास्तीचा ठळक तारा दिसेल, तो आपला सूर्य.

आणि वाट? सेकंदाला १७ किलोमीटरने जाणाऱ्या व्हॉयेजर-१ या अवकाशयानाच्या वेगाने हे अंतर कापायला सुमारे ७५,००० वर्षे लागतील. २०१६ मध्येच जाहीर झालेल्या ‘ब्रेकथ्रू स्टारशॉट’ योजनेत प्रकाशाच्या एक-पंचमांश वेगाने वीसेक वर्षांत पोचण्याची कल्पना होती, पण ती काही ग्रॅम वजनाच्या यंत्रांसाठी. माणूस, त्याचे अन्न, पाणी आणि पोरेबाळे नेणारे वाहन आज कागदावरच आहे. त्यामुळे आधी हवा आहे का, एवढे कळले तरी मोठे काम होईल. त्यासाठी चिलीत उभारल्या जाणाऱ्या, ३९ मीटर आरशाच्या ‘ईएलटी’ (एक्स्ट्रीमली लार्ज टेलिस्कोप) दुर्बिणीकडे खगोलशास्त्रज्ञांचे लक्ष लागले आहे.